वर्षानुवर्षं चालणाऱ्या अभ्यासात मुलांची माहिती कशी सांभाळायची

एकदाच करून संपवायचा सर्व्हे आणि दहा-पंधरा वर्षं त्याच मुलांना भेटत राहून केलेला अभ्यास, यात माहिती सांभाळण्याच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदाच्या सर्व्हेत फॉर्म भरला, नाव काढून टाकलं, विषय संपला. इथे नाव काढून टाकताच येत नाही कारण पुढच्या वर्षी त्याच मुलीला परत शोधायचंय, आणि दर फेरीला तिच्याबद्दल अजून थोडं कळत जातं, शाळा बदलली, वडील वारले, एका वर्षी नापास झाली, १७व्या वर्षी घर सोडलं. यातली एकेक गोष्ट हजारो जणींना लागू पडेल पण सगळ्या मिळून बहुतेक एकाच मुलीला लागू पडतात. म्हणजे पहिल्या फेरीला जी फाईल सुरक्षित होती ती पाचव्या फेरीला तशी राहत नाही, कोणी काही चूक केलेली नसली तरी. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवूनच वाचा.

आणि धोका कोणापासून आहे ते आधी नीट ठरवा. डेटा म्हटलं की सगळे लगेच हॅकर आणि पासवर्डवर येतात, ते हवंच, पण १४ वर्षांच्या मुलाला हॅकरची भीती नसते हो, त्याला भीती असते आईची, मोठ्या भावाची, वर्गशिक्षकांची, शेजारच्या बाकावरच्या मुलाची. या माणसांना तो अभ्यासात आहे हे आधीच माहिती असतं, त्याचा वाढदिवस, घर, मित्र सगळं माहिती असतं, त्यामुळे त्यांच्या हाती एक उत्तर लागलं तरी पुरे. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना स्वतःला विचारायचं की हे त्याच्या घरातल्या माणसाने पाहिलं तर काय होईल.

सुरू करायच्या आधी

प्रश्नावली हातात घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की हे उत्तर नेमकं कुठल्या विश्लेषणात वापरणार. लिहिता येत नसेल तर तो प्रश्न काढा. "असू दे, पुढे लागेल" म्हणून गोळा केलेली माहिती बहुतेक वेळा लागत नाही आणि सांभाळावी मात्र १५ वर्षं लागते. पूर्ण जन्मतारीख विश्लेषणात लागतेच असं नाही, महिन्यांमधलं वय चालतं. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून अंदाज काढला होता की ५ आकडी झिपकोड (म्हणजे तिथला पिनकोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्या ३ गोष्टींवरून तिथले साधारण ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. नाव नाही, फोन नाही, फक्त ३ रकाने!

अभ्यासाचं नावही साधं ठेवा. अर्जावर, पाकिटावर, फोनवर, टीशर्टवर तेच नाव येणार असतं, त्यात व्यसन, मानसिक आजार, लैंगिक असले शब्द असतील तर नुसतं पाकीट घरात येण्यानेच मुलगा उघडा पडतो.

तीन वेगळ्या जागा

हा सगळ्याचा पाया आहे. एका जागी संपर्काची फाईल: नाव, पत्ता, फोन, आणि घर बदललं तर कोणाला विचारायचं त्या २-३ नातेवाईकांचे नंबर. दुसऱ्या जागी उत्तरं, त्यात फक्त आयडी. तिसऱ्या जागी की फाईल, म्हणजे कोणता आयडी कोणाचा ते. तिन्हींचे पासवर्ड वेगळे, तिन्ही उघडता येतील असा माणूस शक्यतो नाहीच. एकाच लॅपटॉपवर तीन फोल्डर करणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे, लॅपटॉप गेला की तिन्ही एकदम गेले. विश्लेषण करणाऱ्याला संपर्काची फाईल कधीच लागत नाही आणि फील्डवरच्या टीमला मागची उत्तरं लागत नाहीत. क्वचित "गेल्या वेळी तू अमुक शाळेत होतास" असं विचारायचं असतं, तेव्हा तेवढाच रकाना टॅबमध्ये भरून द्यायचा.

संपर्काच्या फाईलकडे लोक फार दुर्लक्ष करतात कारण त्यात "फक्त फोन नंबर" असतात. पण एखाद्या विशिष्ट आजाराच्या किंवा घरातल्या हिंसेच्या अभ्यासात तुमचं नाव त्या यादीत आहे हीच गोष्ट संवेदनशील आहे, उत्तरं नंतरची. शिवाय ज्या काकांचा नंबर लिहिलाय त्यांनी कुठे परवानगी दिली होती? नंबर घेतानाच मुलाला आणि पालकांना सांगा की यांना तुम्ही एकदा कळवून ठेवा.

आयडी कसा बनवायचा यात हमखास घोळ होतो. शाळेचा कोड + हजेरी क्रमांक + आद्याक्षरं असा आयडी दिसायला सुटसुटीत असतो, पण वर्गातलं कोणीही तो वाचून मुलगा ओळखेल. आयडी पूर्ण रँडम हवा, शेवटी एक तपासणीचा आकडा असावा म्हणजे टाईप करताना चूक झाली तर एका मुलाची उत्तरं दुसऱ्याच्या नावावर जाणार नाहीत. काही जण फोन नंबर हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने अगम्य अक्षरांत बदलून, त्याचा आयडी करतात आणि सुरक्षित झालं म्हणतात. नाही झालं. १० आकडी नंबर जास्तीत जास्त १००० कोटी होतात, ते सगळे हॅश करून जुळवून बघणं आजच्या साध्या कॉम्प्युटरला काहीच जड नाही.

सही एकदा, विचारणं दरवेळी

लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतं. कुठल्या वयाला कोणाची सही हे देशागणिक आणि कामागणिक बदलतं, भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल धरलाय, युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात ऑनलाइन सेवांसाठीच्या संमतीचं वय १६ आहे आणि तिथल्या देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा आहे. तेव्हा आपल्या ठिकाणचा नियम एथिक्स कमिटीकडून (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) लिहून घ्या, तोंडी नको.

पण कायद्याच्या पुढची गोष्ट अशी की १० वर्षांच्या मुलीने "हो" म्हटलं ते १५ वर्षांच्या मुलीचं "हो" नसतं. दर फेरीला तिच्या त्या वयाला कळेल अशा भाषेत परत सांगा, काय विचारणार, कुठे ठेवणार, कोण बघणार, नको वाटलं तर काय करायचं. १८ पूर्ण झाल्यावर तर नव्याने संमती घ्यायचीच, आता पालकांचा सहीशी संबंध राहिला नाही. आणि जे १८ नंतर सापडतच नाहीत त्यांच्या जुन्या डेटाचं काय करायचं, वापरायचा, गोठवायचा की काढायचा, हे पहिल्याच वर्षी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहून ठेवा आणि पहिल्या संमतीपत्रातही सांगा, कारण नंतर ठरवायला बसलात की मन आपोआप सोयीच्या बाजूला झुकतं.

पालकांना स्पष्ट सांगा की मुलाची उत्तरं तुम्हाला दाखवली जाणार नाहीत. हे सहीच्या आधी सांगायचं, नंतर नाही. काही पालक यावर नाही म्हणतील, म्हणू द्या. जो पालक उत्तरं बघायला मिळतील असं समजून सही करतो त्याचं मूल खरं काही सांगणारच नाही, आणि सांगितलं तर पुढे त्यालाच भोगावं लागेल.

मुलालाही खोटं वचन द्यायचं नाही. "हे कोणालाच कधीच कळणार नाही" हे वाक्य फॉर्ममधून काढून टाका. मुलाच्या जिवाला धोका आहे किंवा कोणी अत्याचार करतंय असं कळलं तर बऱ्याच ठिकाणी ते कळवणं कायद्याने बंधनकारक असतं, आणि नसलं तरी तुम्ही गप्प बसू शकत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर होणाऱ्या आणि ओळखता येईल अशी माहिती गोळा करणाऱ्या संशोधनाला २०१७ पासून गोपनीयतेचं प्रमाणपत्र आपोआप मिळतं आणि त्यामुळे कोर्टानेसुद्धा मागितली तरी माहिती द्यावी लागू नये अशी सोय आहे, असं संरक्षण सगळीकडे नसतं. म्हणून सांगायचं ते असं: "तू सांगितलेलं मी घरी किंवा शाळेत सांगणार नाही. पण तुला किंवा कोणाला मोठी इजा होईल असं वाटलं तर मला मदत मागावी लागेल, आणि त्याआधी मी तुझ्याशी बोलेन." एवढं सरळ बोललं की मुलांना ते बरोबर समजतं.

फील्डवर

खरी गळती इथे होते. मुलाखत घरात असेल तर स्वयंपाकघरातून आई ऐकत असते, धाकटा भाऊ टॅबमध्ये डोकावतो. संवेदनशील प्रश्न तोंडी विचारूच नका, मुलाला हेडफोन द्या, प्रश्न त्याला कानात ऐकू येऊ दे आणि तो स्वतः स्क्रीनवर उत्तर देऊ दे. अमेरिकेतल्या अ‍ॅड हेल्थ या अभ्यासात १९९५ च्या सुमारास ७वी ते १२वीच्या मुलांच्या घरी जाऊन लॅपटॉप आणि हेडफोनवर हेच केलं होतं, म्हणजे हे तंत्र काही नवीन नाही. उत्तर दिलं की ते भाग कुलूपबंद व्हायला हवेत, मागे जाऊन कोणाला वाचता येऊ नयेत, अगदी मुलाखत घेणाऱ्यालाही. आणि कोणी मध्येच खोलीत आलं तर एका बटणात साधा प्रश्न समोर येईल अशी सोय ठेवा.

टॅब पूर्ण एन्क्रिप्ट केलेला हवा, म्हणजे पासवर्डशिवाय त्यातलं काही वाचता येऊ नये, रोज संध्याकाळी अपलोड आणि अपलोड पोचल्याची खात्री झाली की टॅबवरून पुसून टाकायचं. कागदी फॉर्म असतील तर नावाचं पान आणि उत्तरांची पानं जागेवरच वेगळ्या पाकिटात.

आता व्हॉट्सअ‍ॅप. फील्डवरची पोरं मेहनती असतात, एखादा फॉर्म अडला की फोटो काढून ग्रुपवर टाकतात, "सर हे कसं भरू?". त्या फोटोत मुलाचं नाव असतं, तो १२ जणांच्या फोनमध्ये जातो, तिथून गॅलरीत, गॅलरीतून प्रत्येकाच्या क्लाउड बॅकअपमध्ये, आणि मग तो कुठून कुठून पुसायचा? यावर ओरडून काही होत नाही, त्यांना शंका विचारायला दुसरी सोपी जागा द्यावी लागते, एक फोन नंबर जिथे कोणीतरी खरोखर उचलतं, आणि फक्त आयडी आणि प्रश्न क्रमांक सांगायची सवय. सहभागी मुलांचाही ग्रुप करू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी, कारण त्यात प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात आणि अभ्यासात कोण कोण आहे तेही. ईमेल एकदम पाठवत असाल तर बीसीसी, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही, आणि त्याहून बरं म्हणजे एकेकाला वेगळा.

मुलांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करायचे नाहीत. कामाचा वेगळा फोन, त्यात नावाऐवजी आयडी, कॉन्टॅक्ट सिंक बंद. कॉल कोणाचा ते दाखवणारी काही अ‍ॅप परवानगी दिली की आख्खं फोनबुक उचलतात, ती या फोनवर नकोतच.

पुढच्या फेरीसाठी मुलाला शोधताना सांभाळून. फोन घरात कोणीही उचलतं. मेसेज असा हवा: "नमस्कार, पुढच्या भेटीची वेळ ठरवायची होती, सवडीने या नंबरवर फोन कराल का?" बस. विषय नाही, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं" वगैरे नाही. शेजाऱ्यांना किंवा जुन्या शाळेत विचारायचं तर फक्त पत्ता, कारण नाही. आणि प्रत्येक भेटीत मुलालाच विचारून ठेवा की तुझ्याशी संपर्क कसा साधू, कोणत्या वेळी, कोणाकडे निरोप अजिबात द्यायचा नाही. हा शेवटचा प्रश्न फार कमी फॉर्ममध्ये दिसतो, नक्की घाला.

ऑफिसमध्ये डेटा साफ करताना

आकड्यांचे रकाने सोपे असतात, फसवतात ती लिहून दिलेली उत्तरं. समजा "तुला कशाची भीती वाटते?" याखाली मुलीने लिहिलं, "माझ्या मामांची, ते पोलीस आहेत आणि आमच्या मागच्याच घरात राहतात." यात नाव नाही, पण गावातल्या माणसाला नावाची गरजही नाही. शेअर करायच्या फाईलमध्ये हे "जवळच्या नातेवाईकाची, ते जवळच राहतात" एवढंच राहायला हवं. पण थांबा, त्याआधी एक काम आहे, हे वाक्य त्याच दिवशी कोणीतरी जबाबदार माणसाने वाचायला हवं, कारण ही मुलगी कदाचित मदत मागतेय. ओपन उत्तरं महिनोन् महिने न वाचता पडून राहणं आणि मग एक दिवस नावं खोडायला उघडणं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

आवाज म्हणजेच ओळख, तेव्हा रेकॉर्डिंग ट्रान्सक्रिप्ट तपासून होईपर्यंतच ठेवा. ट्रान्सक्रिप्ट फुकटच्या ऑनलाइन भाषांतराच्या साईटवर किंवा चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत, संस्थेचा लेखी करार आणि एथिक्सची परवानगी असल्याशिवाय. हा नियम आज लिहून लावा कारण वेळ वाचतो म्हणून प्रत्येक जण एकदा तरी ते करतोच. फोटोंमध्ये जागेची नोंद लपलेली असते, एक्सेलमध्ये लपवलेले रकाने आणि आधीच्या शीट असतात, फाईल बाहेर पाठवायची तर साध्या सीएसव्हीत (नुसत्या मजकुराची फाईल) काढून ती परत उघडून बघा.

तारखांसाठी चांगली पद्धत म्हणजे प्रत्येक मुलासाठी एक रँडम आकडा धरून त्याच्या सगळ्या तारखा तेवढ्या दिवसांनी सरकवायच्या, दोन घटनांमधलं अंतर तसंच राहतं. घराचं जीपीएस कधीच जसंच्या तसं नाही. डीएचएस ही अनेक देशांत झालेली लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं कशी करतात बघा, तिथे एकेका घराचं नाही, वस्तीच्या मध्याचं ठिकाण देतात, आणि तेही शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणमधल्या १ टक्का ठिकाणांना १० किलोमीटरपर्यंत मुद्दाम हलवून.

टेबलं छापताना ५ पेक्षा लहान आकडा दाखवू नका, काही संस्था १० धरतात. पण तेवढ्याने भागत नाही. एका शाळेतल्या ६ मुलींपैकी ६ जणींनी एखाद्या प्रश्नाला "हो" म्हटलं असं टेबलात दिसलं तर कोणालाही ओळखायची गरजच उरली नाही, सहाही जणींचं उत्तर कळलं. दुसरा प्रकार वजाबाकीचा: आधीच्या अहवालात २३ पैकी ९ जणांचं "हो", एक मुलगा अभ्यास सोडून गेल्यावर सुधारलेल्या टेबलात २२ पैकी ८. कोण सोडून गेला हे शाळेत सगळ्यांना माहिती असतं, म्हणजे त्याचं उत्तर छापून दिल्यासारखंच झालं. लांब चालणाऱ्या अभ्यासात हे वारंवार होतं, म्हणून नवं टेबल काढताना जुनं शेजारी ठेवून बघायचं. शाळेला शाळेचा वेगळा रिपोर्ट द्यायचं कबूल करण्याआधी तर दहा वेळा विचार करा.

दुसऱ्यांना देताना

२००८ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी एका कॉलेजच्या एका आख्ख्या बॅचचा फेसबुकवरचा डेटा नावं काढून खुला केला. कॉलेजचं नावही दिलं नव्हतं. पण कोडबुकमध्ये (डेटासोबतची माहितीपुस्तिका) बॅचमध्ये किती मुलं, कॉलेज खासगी, देशाच्या ईशान्येला, आणि कोणकोणते विषय शिकवतात ती यादी होती, त्यावरून आणि संशोधकांच्याच बोलण्यावरून ते हार्वर्ड आहे हे थोड्याच दिवसांत ओळखलं गेलं, डेटा न उघडता! शेवटी तो काढून घ्यावा लागला. तेव्हा कोडबुक, प्रेस नोट, भाषणातली स्लाईड, आभारात शाळेचं नाव, हे सगळं डेटाचाच भाग समजा.

डेटा वाटूच नये असं माझं म्हणणं नाही. मुलांनी दिलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून वाटायलाच हवा, फक्त पायऱ्या ठेवून. ब्रिटनमध्ये पाच गोष्टी तपासायची पद्धत रूढ आहे: माणूस विश्वासाचा आहे का, काम योग्य आहे का, डेटा पुरेसा झाकलाय का, बघायची जागा सुरक्षित आहे का, आणि बाहेर जाणारा निकाल कोणी तपासलाय का. ढोबळ फाईल साध्या अर्जावर द्या, बारीक फाईल फक्त तुमच्या सर्व्हरवर येऊन बघू द्या, डाउनलोड नाही. प्रत्येक टीमला वेगळे नवीन आयडी करून द्या म्हणजे दोघांनी आपापल्या फाईली जोडायच्या म्हटल्या तरी आयडीवरून जुळणार नाहीत. जनुकीय माहितीचं मात्र नाव काढून भागत नाही, ती कायम बंद कपाटातच.

सोडून जाणारे, आणि काही बिघडलं तर

"मला आता नको" याचे तीन अर्थ असतात: फोन करू नका, नवीन काही घेऊ नका, आधीचंही काढा. फॉर्मवर तिन्ही पर्याय वेगळे द्या, कारण विचारू नका. जे छापून झालंय त्यातून काढता येत नाही हेही आधीच सांगितलेलं असू दे. मजा म्हणजे असं मोकळं दार ठेवलं की लोक जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं आहेत, ४५व्या वर्षाच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले होते, आणि डुनेडिन काही मोठं शहर नाही, विश्वासाशिवाय हे जमत नाही.

टीममधला माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याचे सगळे लॉगिन बंद. "महिनाभर असू दे, काही विचारायला लागलं तर" नाही.

गळती झालीच तर कोणी कोणाला फोन करायचा तो कागद भिंतीवर हवा. जीडीपीआरखाली नियामकाला कळवायला ७२ तास मिळतात, इतर ठिकाणी वेगळी मुदत असेल. मुलांनाही कळवायलाच हवं, पण कसं ते बघा. "तुम्ही दिलेली दारूविषयीची उत्तरं बाहेर गेली आहेत" असं पत्र घरी गेलं तर ते आईच उघडणार, म्हणजे गळती आपणच पूर्ण केली. मुलाने सांगून ठेवलेल्या मार्गानेच, आधी प्रत्यक्ष किंवा फोनवर, आणि तेव्हा मदत करू शकेल असा समुपदेशक तयार ठेवून.

शेवट कधी हेही आधी ठरवा, कारण पैसे अचानक बंद होतात आणि मग कपाटं कोणाच्या तरी खोलीत पडून राहतात. की फाईल कोणत्या तारखेला नष्ट करायची, संस्था बंद पडली तर ती कोणाकडे जाणार, हे लिहून सह्या करा. नष्ट करताना बॅकअपच्या कॉप्या, जुने पेनड्राईव्ह, निवृत्त झालेल्या प्रमुखांचा घरचा कॉम्प्युटर हे सगळं त्यात धरा. त्याच्या ३ महिने आधी सगळ्या सहभागींना एक निरोप पाठवा की यानंतर तुमचा डेटा कोणता हे आम्हालाही सांगता येणार नाही, तेव्हा तुमची उत्तरं बघायची किंवा काढून टाकायची असतील तर आत्ताच सांगा.